खुल्या जागेची हजेरी

१३ जानेवारी, मंगळवार. सकाळी सात. शिक्षक कॉलनीमागची खुली जागा, संयुक्त पाहणी.

हजर: करीमचाचा, मोजणी शिपाई. बबनभाऊ, वॉर्डाचे नवे नगरसेवक. गुरुजी, कॉलनीतले निवृत्त मुख्याध्यापक. मी, नगरपरिषदेची रचना सहायक.

गैरहजर: ज्यांच्यासाठी पाहणी ठेवली होती, ते सगळे.

करीमचाचांनी हजर म्हणून आणखी एक नाव सांगितलं होतं. ते मी अहवालात घातलं नाही. माझ्या वहीतून खोडलंही नाही.

करीमचाचा कार्यालयात माझ्याआधी बारा वर्षं होते. कागदावरचं काम फीत धरण्याचं, खुंट्या ठोकण्याचं, चुन्याची रेघ ओढण्याचं. उंच, वाळलेला माणूस, बारीक कापलेली पांढरी दाढी, हिवाळा-उन्हाळा गळ्यात एकच हिरवट मफलर. राहायला बागवानपुऱ्यात. कार्यालयात त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा, पण फीत उघडण्याआधी प्लॉटच्या कडेला उभं राहून ते मोठ्यानं सलाम करायचे. समोर कोणी नसायचं. मी नवीन असताना एकदा विचारलं, "चाचा, कोणाला केलात?"

"जो असन त्याले."

"इथे तर कोणीच नाही."

"मंग वाया गेला एक सलाम. त्याले काय पैसे पडते?"

माझ्या तोंडून 'रिकामी जागा' असा शब्द आला की ते लगेच अडवायचे. "रिकामी नोका म्हनू मॅडम. खुली म्हना. रिकामी म्हनलं का कोनी ना कोनी येऊन बसते." मला वाटायचं, ते अतिक्रमणाबद्दल बोलताहेत. पुष्कळ वर्षं मला तसंच वाटत होतं.

त्यांची एक पद्धत होती. कोणत्याही नियमपुस्तकात ती नाही. बाग आखायची असली की ते नकाशा काढू द्यायचे नाहीत. आधी बेकरीच्या भट्टीतली राख तेलाच्या डब्यात भरून आणायचे. दिवस मावळताना मैद्याच्या चाळणीनं त्या जागेवर राखेचे पातळ पट्टे ओढायचे, उलटं चालत, म्हणजे स्वतःचं पाऊल मागे राहू नये. सकाळी उजाडताच येऊन कोण कुठून कुठे गेलं ते वाचायचे. मग चुना, मग फीत, मग नकाशा. "कागदावर रस्ता काढनारे लय हायेत," म्हणायचे, "पाय कुठी पडते ते कोनी इचारत नाई. मंग लोकं कुंपन तोडून जाते अन तुमी बोर्ड लावता."

मी या पद्धतीवर हसणं बंद केलं ते बाजारामागच्या बालोद्यानापासून. नकाशात मी घसरगुंडी दक्षिणेच्या कोपऱ्यात घेतली होती. सपाट जमीन, सावली, सगळं सोयीचं. चाचांनी दोन संध्याकाळी राख चाळली. मुलांची पावलं मैदानभर होती. फक्त त्या कोपऱ्याशी येऊन प्रत्येक पाऊल वळलेलं. धावत आलेलं सुद्धा. मधे बैलगाडीच्या चाकाएवढा गोल, त्यात एकही पाऊल नाही.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"मले काय माईत? लेकराईले बी नाई माईत. पन वळून राह्यले ना."

घसरगुंडी हलवली. त्या पावसाळ्यात तो गोल एका रात्रीत खचला. खाली बुजवलेली विहीर होती. गावातल्या जुन्या माणसांनाही ती आठवत नव्हती. चाचांना मी हे सांगायला गेले तर ते चहा पीत होते. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि बशी पुसून ठेवली.

पावलावरून माणूस ओळखणं त्यांच्या हातचा मळ होता. एका कनिष्ठ अभियंत्यानं जागेवर न जाताच पाहणी अहवाल लिहिला. साहेबांसमोर चाचांना साक्षीला बोलावलं. चाचांनी त्या मुलाच्या बुटांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब लेहून राह्यले तं गेले असतीन. राखेले मातर भेटले नाई." त्या दिवसापासून कोणताही अभियंता जागेवर गेल्याशिवाय अहवाल लिहीत नसे. काही जण तर मुद्दाम पाय आपटत चालायचे.

आता शिक्षक कॉलनीच्या जागेकडे येते.

ही ले-आउटमधली खुली जागा. एका बाजूला कॉलनी, दुसऱ्या बाजूला बागवानपुरा, मागे माळ्यांचे भाजीचे मळे. मधोमध एक निंब आणि त्याखाली एक बसका दगड. मळ्यातून बाजाराकडे जाणारे, बागवानपुऱ्यातून शाळेत जाणारे, कॉलनीतले फिरणारे, सगळे तिथून जातात. निवडणुकीनंतर बबनभाऊंनी तिथे दुकानाचे गाळे काढायचा प्रस्ताव आणला. कारण दाखवलं होतं: जागा वापरात नाही. तसे गाळे नियमात बसत नव्हते, पण 'वापरात नाही' असा शेरा एकदा कागदावर चढला की नियमातून वाट काढणारे पुष्कळ भेटतात. मुख्याधिकाऱ्यांनी मला सांगितलं, वापर दाखवा. सात दिवसांची यादी, नाव, वेळ, कुठून कुठे, सही किंवा अंगठा. यादी खरी ठरली तर बाग, नाहीतर गाळे.

चाचांची नोकरी महिनाअखेरीस संपणार होती. ले-आउट पडलं तेव्हा त्या जागेच्या हद्दीचे दगड त्यांनीच रोवले होते. मी यादीचं सांगितलं तर ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. "हे माहं आखरी काम हाय मॅडम. घराच्या मांगची जागा गेली तं म्या जिंदगीभर काय मोजलं?"

पहिल्या तीन सकाळी यादी भराभर वाढली. हवेत गारठा, जमिनीवर दहिवर, चाचा राखेवर वाकलेले आणि मी मागून लिहितेय. "हे गुरुजी, काठी डाव्या हातात. हे बेकरीवाल्याची सून, दुधाले जाते. ह्या दोघी बहिनी शाळेच्या, एकीची नाडी सुटेल हाय पाहा. अन हे गिरजाबाई."

गिरजाबाईंचं पाऊल अनवाणी होतं. डावा पाय बाहेर वळलेला, त्याला करंगळी नाही. मळ्याच्या बाजूनं ते निंबापर्यंत येत होतं. दगडाजवळ दोन्ही पावलं शेजारी शेजारी, खोल, डोक्यावरचं ओझं उतरवताना उमटतात तशी. पुढे बाजाराच्या, शाळेच्या, कॉलनीच्या कोणत्याच पट्ट्यावर ते पाऊल नव्हतं.

"परत गेल्या असतील," मी म्हटलं.

"परत गेली असती तं टाचा इकडं दिसल्या असत्या."

मला वेळ नव्हता. मी लिहिलं: क्रमांक २३, गिरजाबाई, भाजीवाली, पहाटे, मळ्यातून निंबापर्यंत. तीनही दिवस तेच. एकूण छत्तीस नावं झाली.

चौथ्या दिवशी दुपारी मी सह्या-अंगठे घेत फिरले. चौतीस मिळाले. पस्तिसावी बेकरीवाल्याची सून माहेरी गेली होती. मग मळ्यात गेले. गिरजाबाईंची सून बांधावर बसून पालकाच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, सासूबाईंचा अंगठा हवाय, त्या जागेतून जातात म्हणून.

तिनं जुडी खाली ठेवली नाही. "सासूबाई? मॅडम, त्या तं पोयाच्या आंधीच गेल्या."

पोळ्याला पाच महिने होत आले होते. मी म्हटलं, "मग चुकून नाव आलं असेल. आम्ही पावलं पाहतो, त्यात—"

"डावा पाय पाह्यला का?"

मी होकाराची मान हलवली.

"टोपलं व्हतं का डोक्शावर?"

"मी कोणाला पाहिलं नाही हो. नुसती पावलं. दगडापर्यंत."

"मंग उतरवलं असन," ती म्हणाली आणि जुडीला दोऱ्याचा वेढा दिला. "तिथीच उतरवत व्हत्या, दम खायाले. त्या दिवशी बी तिथीच उतरवलं. लोकाईनं पाह्यलं तवा दगडाले टेकून व्हत्या, टोपलं बाजूले. बाजार राहूनच गेला." तिनं जुडी बाजूला ठेवली. "घ्या, दोन जुड्या न्या. घरचा हाय पालक."

मी पालक घेऊन थेट चाचांकडे गेले. ते घराच्या मागच्या दारात चाळणी धुवत होते.

"चाचा, गिरजाबाई वारल्यात."

"मालूम हाय. मय्यतीले व्हतो मी."

"मग मला नाव कशाला सांगितलंत?"

त्यांनी चाळणी उन्हाकडे धरून पाहिली. "तुमी इचारलं कोन येते. कोन जितं हाय ते तुमी इचारलं नाई."

मी त्यांना समजावलं. यादीवर आक्षेप येणार. एक मेलेलं नाव सापडलं की उरलेली पस्तीस खोटी ठरणार, आणि जागा जाणार. त्यांना ते कळत होतं. जागा माझ्यापेक्षा त्यांना जास्त हवी होती. तरी ते म्हणाले, "अन दिसेल एक सोडलं तं पस्तीसची बी काय किंमत राह्यली? जे दिसलं ते लेहाचं. एवढंच तं काम केलं म्या."

आम्ही तिथेच थांबायला हवं होतं. पण आणखी तीन सकाळी बाकी होत्या. चाचांनी राख चाळली आणि त्यांच्या हातून चूक झाली.

आमच्याकडे माणूस गेलं की ते गेलं त्या जागी तिसऱ्या दिवशी राख किंवा पीठ गाळतात. वर टोपलं झाकतात आणि सकाळी कोणत्या जिवाचं पाऊल उमटलं ते पाहतात. यावरून पुढचा जन्म सांगतात. चाचांना हे माहीत होतं, पण त्यांनी दोन्हींची सांगड कधी घातली नव्हती. आजवर ते राख चाळायचे त्या जागा मोकळ्या मैदानांच्या, घरांपासून लांब. इथे चहूकडून खिडक्या होत्या. पाचव्या सकाळी कॉलनीतल्या एक बाई फिरायला आल्या आणि पट्ट्यासमोर थबकल्या.

"माय वो. करीमचाचा, तुमच्यात तं हे नसते. मंग हे कोनासाठी मांडलं?"

"तुमच्यासाठीच बाई," चाचा सहज बोलून गेले. "तुमी येता हे दाखवाले."

बाई तशाच मागे फिरल्या. संध्याकाळपर्यंत गिरजाबाईंचं नाव दोन्ही वस्त्यांत पोचलं होतं. कोणी सांगितलं ते मी शोधलं नाही. सहाव्या सकाळी राख कोरी होती. गुरुजी नाहीत, त्या दोघी बहिणी नाहीत, कोणी नाही. शाळेची मुलं मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाताना दिसली. निंबापर्यंत मात्र ती एक ओळ होती.

आणि सातवा दिवस पाहणीचा.

बबनभाऊ खुशीत आले. हातात मोबाईल, पायात नवे पांढरे बूट. "कुठी हायेत मॅडम तुमची छत्तीस माणसं? रस्ता चुकली काय?" एकेका पट्ट्यावरून फिरत गेले. "इथी नाई. इथी बी नाई. एक तरी दाखवा ना, चाचा. आमी काय बागीचे दुश्मन हाओत?" गुरुजी काठी टेकून उभे होते. त्यांना मीच आग्रह करून आणलं होतं.

बबनभाऊ निंबाजवळ पोचले आणि हसले. "हे पाहा, आली एक! कोन हाय हे? बलवा तिले, फोटो काढू."

"गिरजाबाई," चाचा म्हणाले.

गुरुजी हळूच खाली बसले, तिथेच मातीत. बबनभाऊंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कोणी काढून घ्यायला विसरल्यासारखं. ते खाली वाकले. मीही वाकले. रात्रभर दहिवर पडून सगळी राख घट्ट झाली होती, वर कवच धरलं होतं. त्या पावलांमधली राख तेवढी कोरडी होती. नुकतीच कोणी पाय उचलल्यासारखी.

"चाचा," बबनभाऊ अगदी हळू म्हणाले, "म्या खांदा देल्ला तिले."

"मीनं बी."

बबनभाऊंनी बूट काढले, हातात घेतले आणि कडेकडेनं, एकही पट्टा न ओलांडता, फाटकाकडे गेले. तिथून म्हणाले, "मॅडम, गाळ्याचं राहू द्या. इथी कोन घेईन गाळा."

सभेत गाळ्यांचा प्रस्ताव त्यांनीच मागे घेतला. बागेचा आराखडा सादर करावा असं ठरलं. मी चाचांना सांगायला गेले, पेढे घेऊन. त्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"जागा वाचली चाचा."

"वाचली. पन सुनी झाली. लोकं येत व्हते ते म्या बंद केले." पेढा त्यांनी परत पुड्यात ठेवला. "एकटी राह्यली ना ती तिथी."

निरोप समारंभात शाल-नारळ झालं. भाषण करा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. मग मला बाजूला घेऊन मोजणीची वही दिली. जागेवरच्या बारा वाटा, प्रत्येकीची लांबी, वळणं, कुठून कुठे. अकरा पूर्ण. बारावी मळ्यापासून निंबाच्या दगडापर्यंत. पुढचा रकाना कोरा.

"ही कुठे बाहेर पडते?"

"ते मंग सांगतो," चाचा म्हणाले. "ती अजून उठली नाई."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, फाटकाची रुंदी पुन्हा पाहायला मी गेले. फाटकापाशीच थांबले. चाचा मैदानात होते. अनवाणी, मफलर कानावर गुंडाळलेला. चालत होते.

आधी वाटलं, पाय दुखतोय. डाव्या हातात एक काटकी धरून ते कॉलनीच्या बाजूनं सावकाश आले, तीन पावलांनी थांबत, मान उजवीकडे झुकवून. मग लक्षात आलं, हे गुरुजी. टोकाला पोचल्यावर काटकी टाकली आणि बागवानपुऱ्याच्या बाजूनं निघाले, छोट्या उड्यांसारख्या पावलांनी, एकदा या रेषेवरून, एकदा शेजारच्या. दोघी बहिणी. मग दूध आणणारी सून, एक खांदा खाली. मग आणखी कोणी, आणखी कोणी. माझी यादी एकटा माणूस चालत होता, एकामागून एक, प्रत्येकाची वाट प्रत्येकाच्या पावलानं. जमिनीवर गवत चढू लागलं होतं तिथे वाट पुन्हा उघडी पडत होती. एक चाल मला ओळखता येईना. घाईची, टाच न टेकवणारी, मधेच थांबून काही लिहिल्यासारखी. ती माझी होती.

मळ्याकडून येणाऱ्या वाटेवर ते चालले नाहीत. तिच्याजवळ आले की दर वेळी थांबत, अंग चोरून बाजूला होत, अरुंद बांधावर समोरून ओझं घेऊन बाई आली की आपण होतो तसे. एका म्हाताऱ्या बाईला जायला लागेल तेवढा वेळ उभे राहत. मान लववत. मग वाट ओलांडत.

मी हाक मारली नाही. त्याच आठवड्यात ते मुलीकडे मंगरूळपीरला गेले. फोन केला की मुलगी सांगते, "अब्बा चालाले गेले हायेत." सकाळी केला तरी हेच, भर दुपारी केला तरी हेच.

लोक परत येऊ लागलेत. आधी गुरुजी आले. मी विचारलं तर म्हणाले, "वाट तुडवेल दिसली, म्हनलं कोनी तं जाऊन राह्यलं. मंग मी बी निंघालो." त्या बहिणी येतात, दुधाला जाणारी सूनही येते. निंबाखाली कोणी बसत नाही, पण वळसाही घालत नाही.

पुढच्या सभेपूर्वी आराखडा द्यायचा आहे. नाही दिला तर गाळ्यांचा कागद पुन्हा वर येईल, हे मला मुख्याधिकाऱ्यांनी दोनदा सांगितलंय. कामांची स्थिती अशी: फाटकं तीन, नक्की. बाकं आठ, नक्की. झाडांची यादी तयार. अकरा वाटांवर शाई फिरवली. बारावी दगडापर्यंत पेन्सिलनं काढली आहे. त्यापुढे तीनदा रेघ ओढली, बाजाराकडे, आणि तीनदा खोडली. कागद तिथे पातळ झालाय. वाट बाहेर पडल्याशिवाय नकाशावर सही होत नाही. ती कुठून काढायची ते अजून ठरायचं आहे.